परदेशी टेललाइट आणि आपल्याकडचा टेललाइट: फरक ओळखा, मगच दिवा विकत घ्या

अमेरिकेतल्या फोर्ड मस्टँगच्या मागे दोन्ही बाजूंना तीन-तीन उभे पट्टे असतात. ब्रेक दाबला की ते लाल होतात आणि वळताना तेच पट्टे एकामागून एक लालच लुकलुकतात. २०१६ मध्ये उजव्या स्टिअरिंगची मस्टँग भारतात विकायला आली. तिचे पट्टे तेच, आकार तोच, पण इंडिकेटर मात्र पिवळा. गाडी एकाच कारखान्यातली असूनही मागचा दिवा आतून वेगळा आहे.

हा फरक लक्षात न घेता टेललाइट मागवणारे खूप जण आहेत. वेबसाइटवर फोटो बघितला, 'तुमच्या मॉडेलला बसतो' असं वाचलं, पार्सल आलं, बोल्ट जुळले, प्लगही बसला, काम झालं. खरं तर काम तिथून सुरू होतं. मागच्या दिव्याचा कोणता कप्पा कशासाठी पेटतो हे देशागणिक बदलतं, आणि तुमच्या मागून येणारा ट्रकवाला आपल्या देशातल्या सवयीनेच तो दिवा वाचतो. त्याला अर्ध्या सेकंदात कळलं पाहिजे की तुम्ही थांबताय की वळताय. परदेशातून आलेली वापरलेली गाडी घेणारे, हौसेने बाहेरचा दिवा मागवणारे, आणि दुबई-शारजात 'अमेरिकन स्पेक', म्हणजे अमेरिकी बाजारासाठी बनलेली, सेकंडहँड गाडी बघणारे आपले मराठी लोक, या सगळ्यांसाठी हे सविस्तर लिहितो आहे.

फरक मुळात येतो कुठून

जगात दिव्यांच्या नियमांची दोन मोठी घराणी आहेत. एक संयुक्त राष्ट्रांच्या नियमांचं, जे युरोपातून आलं आणि जपान, ऑस्ट्रेलियासकट बऱ्याच देशांनी कमीअधिक स्वीकारलं. दुसरं अमेरिकेचं, तिथल्या संघीय मानक क्रमांक १०८ चं. भारत पहिल्या घराण्याच्या जवळचा. दिवे कुठे, किती, कोणत्या रंगाचे हे आपल्याकडे एआयएस-००८ या मानकात आहे, आणि ज्या संस्था गाड्या तपासून मान्यता देतात त्यांतली एक, एआरएआय, पुण्यात कोथरूडलाच आहे. शिवाय १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०२ इंडिकेटरबद्दल स्पष्ट बोलतो: रंग अंबर, म्हणजे आपण ज्याला पिवळा म्हणतो तो, आणि लुकलुकणं मिनिटाला ६० ते १२०.

अमेरिकेत मागचा इंडिकेटर पिवळाही चालतो आणि लालही. मग कंपन्या लाल का ठेवतात? एक कारण खर्चाचं: ब्रेकचाच दिवा लुकलुकवला की एक बल्ब आणि एक वायर वाचते. दुसरं कारण कमी लोकांना माहीत असतं. अमेरिकी नियमात मागच्या इंडिकेटरच्या प्रकाशित भागाला किमान क्षेत्रफळाची अट आहे, साधारण ५० चौरस सेंटिमीटर. युरोपच्या नियमात अशी अट नाही, तिथे प्रकाशाची तीव्रता आणि कोन मोजतात. त्यामुळे युरोपात चालणारी पिवळी बारीक पट्टी अमेरिकेत कमी पडू शकते. मग डिझायनर ब्रेकचा मोठा लाल भागच इंडिकेटर म्हणून वापरतो.

माझं मत पिवळ्याच्या बाजूने आहे, आणि ते नुसतं सवयीचं नाही. अमेरिकेच्याच महामार्ग सुरक्षा विभागाच्या २००९ च्या अभ्यासात पिवळ्या इंडिकेटरच्या गाड्यांना वळताना, लेन बदलताना मागून धडक बसण्याचं प्रमाण लाल इंडिकेटरच्या गाड्यांपेक्षा ५.३ टक्के कमी निघालं. नुसत्या रंगाने एवढा फरक पडत असेल तर तो सोडायचा कशाला?

दुसरा मोठा फरक मागच्या फॉग लॅम्पचा, म्हणजे धुक्यात दिसावा म्हणून दिलेल्या प्रखर लाल दिव्याचा. युरोपात तो सक्तीचा, अमेरिकेत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या नियमांत साधा टेललाइट किमान ४ कँडेलाचा (प्रकाशाच्या तीव्रतेचं एकक), ब्रेक लाइट किमान ६० चा, आणि मागचा फॉग १५० ते ३०० चा. पावसाळ्यात बोरघाटात ढग रस्त्यावर उतरतो तेव्हा हा दिवा काय करतो ते मागच्या गाडीतून बघावं. एकच फॉग असेल तर तो मध्यभागी किंवा ड्रायव्हरच्या बाजूला लागतो. आपल्याकडे ती उजवी बाजू, जर्मनीत डावी. म्हणून जर्मनीतल्या गाडीच्या टेललाइटची जोडी आपल्याकडे लावली तर फॉग उलट्या बाजूला जातो आणि उजवीकडे फॉगच्या जागी रिव्हर्सचा पांढरा कप्पा येतो. आकार, बोल्ट, प्लग सगळं जुळूनही हे होतं.

तिसरा फरक कडेचा. अमेरिकी गाड्यांना बाजूने दिसणारे मार्कर दिवे लागतात, पुढे पिवळे आणि मागे लाल, त्यामुळे तिथला टेललाइट बॉडीच्या कडेला वळून लाल पेटतो. आपल्याकडच्या वायरिंगमध्ये त्या कप्प्याला वेगळी वायर नसते, तो एकतर बंद राहतो किंवा पार्किंग लाइटला जोडतात. यात धोका नाही.

अमेरिकी गाडी इथे येते का?

अख्खी गाडी सहसा येत नाही. वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवं आणि हेडलाइट डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीला जुळणारे हवेत. अमेरिकेतून परतणाऱ्या माणसाची डाव्या स्टिअरिंगची गाडी तिथेच अडते. इथे येतात त्या इंग्लंड-जपानच्या बाजूच्या गाड्या, ज्यांचे टेललाइट आपल्या नियमांना बरेच जवळ असतात. २०१८ पासून कंपन्यांनाही युरोपीय किंवा जपानी मानकांच्या उजव्या स्टिअरिंगच्या काही गाड्या, वर्षाला २,५०० पर्यंत, इथे पुन्हा संपूर्ण प्रमाणन न करता आणता येतात. त्यांच्या दिव्यांवर युरोपचीच खूण असते आणि त्यात काही वावगं नाही.

अमेरिकेची गाडी येत नसली तरी तिचे दिवे मात्र कुरियरने येतात. खरी गडबड तिथे आहे. आखातात मात्र अमेरिकेतून आलेल्या वापरलेल्या गाड्या भरपूर आहेत, त्यामुळे तिथे गाडी घेणाऱ्याने खालच्या पायऱ्या गाडीवरच करून बघाव्यात.

पायरी १: गाडी कोणत्या बाजारासाठी बनली ते शोधा

बरेच जण चॅसी नंबरचं पहिलं अक्षर बघतात. १, ४, ५ म्हणजे अमेरिका, जे म्हणजे जपान, डब्ल्यू म्हणजे जर्मनी, आणि एमए ते एमई यांपैकी सुरुवात असेल तर भारत. पण हे अक्षर गाडी कुठे बनली ते सांगतं, कुणासाठी बनली ते नाही. आपल्याकडे आलेली मस्टँगही अमेरिकेतच बनलेली. म्हणून ड्रायव्हरचा दरवाजा उघडून खांबावरचं स्टिकर वाचा. अमेरिकेच्या बाजारातल्या गाडीवर तिथल्या संघीय सुरक्षा मानकांचं पालन केल्याचं वाक्य छापलेलं असतं. आखातात गाडी बघताना हे स्टिकर खरवडून काढलेलं दिसलं तर विक्रेत्याला कारण विचारा.

पायरी २: अंधारात, दुसऱ्या माणसाला सोबत घेऊन तपासा

दिवसा टेललाइट तपासण्यात अर्थ नाही. संध्याकाळी एकाला आत बसवा, तुम्ही दहा-बारा पावलं मागे उभे राहा आणि मोबाइलवर व्हिडिओ काढा. पार्किंग, ब्रेक, डावा, उजवा, रिव्हर्स, फॉग, हे एकेक करून झालं की खरी परीक्षा जोडीने घ्या. डावा इंडिकेटर चालू ठेवून ब्रेक दाबायला सांगा.

आपल्या पद्धतीच्या गाडीत दोन्ही लाल दिवे स्थिर पेटतात आणि डावीकडे पिवळा वेगळा लुकलुकतो. अमेरिकी जोड-दिव्याच्या, म्हणजे ब्रेक आणि इंडिकेटर एकाच लाल दिव्यात असलेल्या, गाडीत उजवा लाल स्थिर राहतो आणि डावा लाल लुकलुकतो. आता कल्पना करा की तुमच्या उजव्या कोपऱ्यासमोर एक रिक्षा आली आहे. मागच्याला फक्त डावा लाल दिवा दिसतो, पेटतो, विझतो. त्याने काय समजायचं? हा ब्रेक दाबून सोडतोय की वळतोय? तिसरा, काचेजवळचा ब्रेक लाइट तेवढा मदतीला असतो, म्हणून तो चालू आहे ना हे याच वेळी बघा.

मग हॅझार्ड लावून ब्रेक दाबा. काही जोड-दिव्याच्या गाड्यांत हॅझार्ड चालू असताना खालचे ब्रेक लाइट स्थिर पेटतच नाहीत, लुकलुकतच राहतात. घाटात हॅझार्ड लावून गाडी चालवायची वाईट सवय आपल्याकडे आहेच, त्यात हे असेल तर मागच्याला तुमचा ब्रेक कळणारच नाही.

बाजारात मिळणाऱ्या 'धावत्या' इंडिकेटरचीही परीक्षा इथेच. संयुक्त राष्ट्रांच्या नियमात असा इंडिकेटर आतून बाहेर धावला पाहिजे, २०० मिलिसेकंदांत पूर्ण पेटला पाहिजे आणि पेटलेला भाग चक्र संपेपर्यंत पेटलेलाच राहिला पाहिजे. हौसेच्या दिव्यांत तो सावकाश सरपटत जातो. मोबाइलचा स्लो मोशन व्हिडिओ काढला की लगेच कळतं. गाडी अनलॉक केल्यावर नाचणारे लाल पट्टे दाखवून असे दिवे विकले जातात. तो नाच उभ्या गाडीचा आहे, चालत्या गाडीत इंडिकेटर कसा पेटतो ते विक्रेत्याला दाखवायला सांगा.

पायरी ३: काचेवरची अक्षरं वाचा

टेललाइटच्या काचेवर, बहुतेक खालच्या कडेला, बारीक उठावाची अक्षरं असतात. ओल्या फडक्याने पुसा, टॉर्च तिरका धरा.

वर्तुळात इंग्रजी 'ई' आणि शेजारी आकडा असेल तर तो संयुक्त राष्ट्रांच्या नियमांनुसार मान्यता मिळालेला दिवा. आकडा मान्यता देणाऱ्या देशाचा: १ जर्मनी, २ फ्रान्स, ४ नेदरलँड्स, ११ ब्रिटन, ४३ जपान. दिवा त्या देशात बनला असा अर्थ त्यातून निघत नाही, भारतात बनलेल्या दिव्यांवरही ही खूण दिसते. जवळच्या अक्षरांत कप्प्याचं काम लिहिलेलं असतं. 'आर' किंवा 'आर१' म्हणजे मागचा टेललाइट, 'एस१' म्हणजे ब्रेक, '२ए' म्हणजे मागचा इंडिकेटर, 'एआर' म्हणजे रिव्हर्स, 'एफ' म्हणजे मागचा फॉग, 'आयए' म्हणजे रिफ्लेक्टर. अगदी नव्या दिव्यांवर ही सगळी अक्षरं न देता 'यूआय' आणि एक ओळख क्रमांक एवढंच असतं.

अमेरिकी दिव्यावर 'डीओटी' (तिथलं परिवहन खातं) आणि 'एसएई' (तिथली वाहन अभियंत्यांची संस्था) दिसतं, आणि एसएईच्या पुढे सलग अक्षरं: ए रिफ्लेक्टर, आय इंडिकेटर, पी२ कडेचा मार्कर, आर रिव्हर्स, एस ब्रेक, टी टेललाइट. इथे नीट लक्ष द्या: युरोपच्या खुणेत 'आर' म्हणजे लाल टेललाइट, अमेरिकेच्या खुणेत तेच 'आर' म्हणजे पांढरा रिव्हर्स. आणि दोन्हीकडे 'आर' म्हणजे उजवी बाजू नाही. उजवी-डावी 'आरएच', 'एलएच' अशी वेगळी लिहिलेली असते.

आणखी एक गोष्ट. ई-खूण त्रयस्थ तपासणीनंतर मिळते. अमेरिकेत मात्र निर्माता स्वतःच जाहीर करतो की दिवा नियमात बसतो, आधी कुणी मान्यता देत नाही. चांगल्या कंपनीचा डीओटी दिवा उत्तमच असतो, पण अनोळखी ब्रँडच्या दिव्यावर ती तीन अक्षरं छापायला काही लागत नाही. दोन्ही खुणा एकाच काचेवर असतील तर अक्षरांत '२ए' आहे का ते शोधा, कारण आपल्याला हवा असलेला पिवळा इंडिकेटर त्यातूनच सिद्ध होतो. काचेवर काहीच नसेल तर तो दिवा घेऊ नका.

पायरी ४: दिवा काढून बल्ब बघा

बहुतेक गाड्यांत डिकीच्या आतून किंवा डिकीच्या कडेला दोन-तीन नट-बोल्ट असतात, पुष्कळदा दहा नंबरचे, आणि बाहेरच्या बाजूला प्लास्टिकच्या खुंट्या. बोल्ट काढल्यावर दिवा सरळ मागे ओढा, तिरका ओढला तर खुंटी मोडते. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढलेली बरी.

आता बल्ब हातात घ्या. ब्रेक आणि टेल एकत्र असलेल्या कप्प्यात दोन फिलामेंटचा पी२१/५डब्ल्यू असतो, म्हणजे २१ वॉट ब्रेकला आणि ५ वॉट टेलला. अमेरिकेत याचाच भाऊ ११५७ या नंबराने मिळतो. इंडिकेटरच्या पारदर्शक कप्प्यात पिवळ्या काचेचा पीवाय२१डब्ल्यू असतो. त्याच्या पितळी बुडाला दोन बारीक पिना असतात, पण त्या समोरासमोर नसतात, १५० अंशांवर असतात. ही रचना मुद्दाम केलेली आहे, म्हणजे पांढरा बल्ब त्या होल्डरमध्ये चुकूनही बसू नये. काही ठिकाणी पिवळा बल्ब मिळाला नाही की पांढऱ्या बल्बची एक पिन कानशीने घासून तो कोंबतात. मग इंडिकेटर पांढरा लुकलुकतो. सेकंडहँड गाडी घेताना बल्ब काढून पिनेवर घासल्याची चकाकी आहे का ते जरूर बघा, त्यावरून आधीचं बाकीचं काम कसं झालंय तेही कळतं.

दिव्याच्या मागचा रबरी किंवा फोमचा गॅस्केटही याच वेळी तपासा. परदेशी दिव्यासोबत तो बरेचदा येत नाही, आणि कोकणात किंवा गोव्यात एका पावसाळ्यात दिव्यात आणि डिकीत पाणी दिसतं.

पायरी ५: वायरिंग जुळतं का

इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

आपल्याकडच्या गाडीतून दिव्याकडे टेल, ब्रेक, इंडिकेटर आणि अर्थिंग अशा वायरी वेगवेगळ्या जातात, वर रिव्हर्स आणि असल्यास फॉग. अमेरिकी जोड-दिव्याला ब्रेक आणि इंडिकेटरसाठी मिळून एकच वायर लागते. असा दिवा आपल्या गाडीला लावताना इलेक्ट्रिशियन काय करतो? ब्रेकची आणि इंडिकेटरची वायर पिळून एकत्र करतो. दिवा लुकलुकतो, ब्रेकलाही पेटतो, गिऱ्हाईक खूश. पण आता ब्रेक दाबला की तोच करंट उलटा इंडिकेटरच्या सर्किटमध्ये शिरतो आणि पुढचे, आरशातले इंडिकेटरही पेटतात. इंडिकेटर दिला की तो ब्रेकच्या वायरीतून दुसऱ्या बाजूच्या दिव्यात आणि तिसऱ्या ब्रेक लाइटमध्ये जातो. ब्रेक दाबल्यावर गाडीच्या पुढचा इंडिकेटर पेटतोय असं दिसलं तर नव्वद टक्के वेळा हेच झालेलं असतं.

नव्या गाड्यांत हे आणखी महागात पडतं, कारण तिथे साध्या रिलेऐवजी बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे गाडीतला एक छोटा संगणक, दिवे चालवतं. काही गाड्यांत ते एकाच वायरीवर करंट तोडून-तोडून सोडतं, म्हणजे तोच बल्ब टेलला मंद आणि ब्रेकला पूर्ण पेटतो. अशा वायरीवर मल्टिमीटर लावला तर चार-पाच व्होल्ट दाखवतो आणि माणूस समजतो वायर खराब आहे. अशा गाडीत वायर तोडण्याआधी त्या मॉडेलचं वायरिंग डायग्राम हवंच. ते नसेल तर काम करू देऊ नका.

बल्बच्या जागी एलईडी आला की इंडिकेटर भराभर लुकलुकतो. २१ वॉटचा बल्ब बारा व्होल्टवर पावणेदोन अँपियर घेतो, एलईडी त्याच्या मानाने फारच थोडा, आणि गाडीला वाटतं बल्ब उडाला. उपाय म्हणून ६ ओहमचा रेझिस्टर लावतात. तो पेटलेला असताना २४ ते ३० वॉट उष्णता टाकतो, हात लावला तर भाजेल इतका तापतो. तो टेपने वायरीला किंवा प्लास्टिकला बांधू नका, पत्र्यावर स्क्रूने बसवा. शक्य असेल तर रेझिस्टरऐवजी एलईडीसाठीचा फ्लॅशर रिले (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) किंवा मॉड्यूलमध्ये कोडिंग, म्हणजे सॉफ्टवेअरने सेटिंग बदलणं, हा मार्ग घ्या.

पायरी ६: बदलायचं असेल तर काय निवडायचं

सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे त्याच मॉडेलचा इंग्लंड, ऑस्ट्रेलिया किंवा भारताच्या बाजारातला मूळ दिवा. तिथेही गाड्या डावीकडून चालतात, म्हणून फॉग आणि रिव्हर्स योग्य बाजूला येतात. मागवताना फोटोवर जाऊ नका, पार्ट नंबर मागा, आणि काचेवरच्या अक्षरांचा जवळून काढलेला फोटो मागा. जो विक्रेता तो फोटो देत नाही त्याच्याकडून घेऊ नका. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्यात नाना पेठेत जुना दिवा शोधताना तर हे सोपंच आहे, दिवा हातात असतो.

दुसरा मार्ग, जोड-दिव्याच्या गाडीत पिवळा इंडिकेटर वेगळा करणं. त्यासाठी पिवळ्या कप्प्याचा दिवा, पुढून इंडिकेटरची नवी वायर आणि ब्रेकचा सिग्नल वेगळा काढणं, एवढं सगळं लागतं. काही गाड्यांत कोडिंगने निम्मं काम होतं. हे त्या ब्रँडवर रोज हात असलेल्या माणसाकडूनच करून घ्या.

लाल काचेमागे पिवळा बल्ब घालणं हा उपाय नाही, प्रकाश लालच बाहेर येतो. काळी फिल्म किंवा स्मोक स्प्रे मारलेला दिवा तर कुठल्याच देशाच्या मोजणीत टिकणार नाही. दिसायला कितीही आवडला तरी मी तो कुणालाच सुचवणार नाही.

पायरी ७: कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत फेरफार करण्यावर बंधनं घालतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए नुसार परवानगी नसलेला फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. लाल इंडिकेटर नियम १०२ च्या सरळ विरोधात जातो, तिथे वाद घालायला जागा नाही. त्याच मॉडेलचा, मान्यतेची खूण असलेला, रंग आणि कामं तीच असलेला दिवा लावला तर तुमची बाजू भक्कम राहते. बिल, पार्ट नंबर आणि काचेवरच्या खुणेचा फोटो गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवा, आणि दिवा बदलल्याचं विमा कंपनीला ईमेलने कळवून पोच घ्या. फोनवर सांगितलेलं नंतर दाखवता येत नाही.

दिवा बसवून झाल्यावर दुसरी पायरी पुन्हा पूर्ण करा, ब्रेक आणि इंडिकेटरच्या जोडीसकट, आणि पहिल्या जोराच्या पावसानंतर दिवा आतून धुरकटलाय का ते बघा. काढलेले मूळ दिवे होल्डरसकट कापडात गुंडाळून जपून ठेवा. गाडी विकताना घेणारा तेच मागतो.